बुडालेल्या इंजिनाला हॅण्डल मारू नकोस

पोरा, नदीकाठचा जुना इंजिन-पंप स्वस्तात मिळतोय म्हणून घ्यायला निघालास, घे. पण पुराचं पाणी ज्याच्यावरून गेलं त्या इंजिनाला पहिल्यांदा हॅण्डल मारायचं नाही. बाकीचं सगळं विसरलास तरी चालेल, एवढं विसरू नको.

आपल्याकडे तापीचे काठ खोल. पाणी वर उचलायचं तर इंजिन काठाखाली, पाण्याच्या जवळ उतरवावं लागतं. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की तेच पाणी इंजिनाच्या डोक्यावर चढतं. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्या एका रात्रीत फुगल्या, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. अशा रात्री माणसं आणि गुरं वाचवायची की इंजिन? म्हणून खानदेशात जुनं इंजिन विकत घेताना ते कधीतरी बुडालेलं असणार, असं धरूनच चालायचं.

हॅण्डल का मारायचं नाही ते समजून घे. ५ एचपीचं किर्लोस्कर एव्ही-१ धर. बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११०, सिलिंडर साधारण ५५३ घनसेंटिमीटर, कॉम्प्रेशन १६.५ ला १. हिशेब केला तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ३५-३६ घनसेंटिमीटर, म्हणजे कटिंग चहाच्या अर्ध्या ग्लासाएवढी. हवा तेवढ्यात दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. त्याहून जास्त पाणी आत असलं आणि तू जोर लावलास, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडवरही इंजिन चालू होतं, हीच खरी फसवणूक. मग ते काळा धूर सोडतं, ओढ कमी पडते, आणि लोक नोझल बदलत बसतात.

विकणाऱ्याला म्हणून एकच प्रश्न विचार: पाणी आलं तेव्हा इंजिन चालू होतं की बंद? बंद असताना बुडालेलं असेल तर दुखणं गाळाचं आणि गंजाचं. चालू असताना पाणी ओढलं असेल तर रॉडवर संशय धरायचा. नुसत्या शब्दावर जाऊ नको. नवीन रंग दिसला तर नावाच्या पट्टीमागे आणि फ्लायव्हीलच्या कोपऱ्यांत बोट घाल, वाळलेला गाळ सापडतो. रॉकरचं झाकण उघड, आतल्या स्प्रिंगांवर तांबूस गंज आहे का बघ. डिपस्टिकला दुधाळ ऑइल लागलं तर पाणी अजून आत आहे.

आता काम. आधी बाहेरून स्वच्छ पाण्यानं धू, नाहीतर झाकण उघडताच वरचा गाळ आत पडतो. मग खालचा ऑइलचा प्लग सोड. पाणी जड, ते आधी येतं, मागून ऑइल. एअर फिल्टर आणि सायलेन्सर काढ. नोझल उपसून बाहेर काढ.

इथं दोन मतं आहेत. काही मिस्त्री म्हणतात, नोझलच्या भोकातून डिझेल ओत आणि फ्लायव्हील हातानं हळू फिरव, पाणी आपोआप बाहेर उडेल. विहिरीच्या किंवा पावसाच्या स्वच्छ पाण्यात बुडालेल्या इंजिनाला ते चालतं; फक्त तोंड भोकापासून लांब ठेव आणि पुरते दोन फेरे दे, कारण चार स्ट्रोकचं चक्र दोन फेऱ्यांत पूर्ण होतं. पण पुराचं पाणी काळ्या मातीचं. तो बारीक गाळ रिंगांच्या खाचांत बसतो आणि एका फेऱ्यातही लायनरवर ओरखडे पाडतो. माझं स्पष्ट सांगणं: पुरातलं इंजिन असेल तर हेड उतरवच. गॅस्केटचा खर्च लायनर-पिस्टनच्या खर्चापुढे काहीच नाही. बाजूचं झाकण काढून क्रँक चेंबरच्या तळाचा गाळ हातानं, डिझेलच्या फडक्यानं पुसून काढ; रॉडचं बिग एंड खोलून बेअरिंगचे शेल धुऊन बघ.

हेड उतरवलंच आहे तर सगळा गाळ निघाल्यावर रॉडही तपासून घे. पिस्टनच्या माथ्यावर शिशाची तार ठेव, हेड कसून बसव, फ्लायव्हील हातानं फिरव, पुन्हा उघड. चेपलेल्या तारेची जाडी म्हणजे बंपिंग क्लिअरन्स. ती पुस्तकातल्या मापापेक्षा बरीच जास्त भरली, तर रॉड वाकून आखूड झालाय. तो ठोकून सरळ करू नको, बदल.

आणि वेळ. पाण्याखाली असेपर्यंत लोखंड फारसं बिघडत नाही. पाणी ओसरून ओल्या धातूला हवा लागली की गंज धावतो. त्याच दिवशी उघडता येत नसेल तर निदान ऑइल-पाणी काढून सिलिंडरमध्ये आणि चेंबरमध्ये डिझेल भरून ठेव.

डिझेलची टाकी पूर्ण रिकामी कर, फिल्टर नवे घाल. फ्युएल पंपाचा प्लंजर आणि त्याचं बॅरल यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये असते. तिथं घरी पाना लावायचा नाही. जळगाव-धुळ्यात पंप-नोझलचं काम करणारे आहेत, त्यांच्याकडे दे. पहिल्यांदा चालू करताना साधं ऑइल भर, लोड न देता थोडा वेळ चालव, गरम असतानाच सोड, पुन्हा भर. दुधाळपणा जाईपर्यंत हेच. पहिल्या स्टार्टला हवेच्या तोंडावर दाबायला एक लाकडी फळी हाताशी ठेव. एअर फिल्टरमधलं ऑइल आत ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर सुसाट सुटतं, डिझेल बंद करूनही थांबत नाही. हवा तोडली तरच थांबतं.

पंपाकडे वळ. इंपेलर आणि वेअर रिंग यांच्यातली फट वाळूनं वाढली की उचललेलं पाणी आतल्या आत मागे फिरतं. इंजिन पूर्वीसारखंच डिझेल खातं, पाइपातून धार मात्र बारीक. आपल्याकडे अशा वेळी लोक इंजिनाच्या फेऱ्या वाढवतात. ते करू नको. फेऱ्या दुप्पट केल्या तर ताकद आठपट लागते, इंजिन बसतं. रिंग बदल.

ग्लँडमधून पाण्याचे थेंब पडू दे. तेच पाणी आतल्या पॅकिंगच्या दोरीला आणि स्लीव्हला थंड ठेवतं. दोरी आवळून कोरडी केलीस तर स्लीव्ह कापली जाते. पंप पाणी धरत नसेल तर आधी फुटव्हॉल्व्हची जाळी आणि आतली झडप बघ, पुरानंतर तिथं गाळ असतोच. मग सक्शनचे जॉइंट. हवेचा दाब पाणी जेमतेम १० मीटर चढवतो, प्रत्यक्षात ६-७ च्या वर भरवसा नाही, त्यामुळे केसाएवढी गळतीही पंपाला कोरडा पाडते. पंपात खडे वाजल्यासारखा आवाज आला तर खडे शोधण्याआधी सक्शन तपास.

रावेर-यावलच्या केळीला उन्हात पाण्याची पाळी चुकवून चालत नाही, वीज कधी रात्री येते, कधी पुरात खांबच आडवे होतात. म्हणून हे जुनं यंत्र अजून लागतं, आणि म्हणून ते नीट राखायला हवं. तुझं इंजिन लाकडी किंवा लोखंडी स्किडवर बसव, सक्शनला युनियन जॉइंट लाव, दोन पाने आणि दोरखंड तिथंच शेडमध्ये टांगून ठेव. धरणातून पाणी सोडल्याची दवंडी किंवा मोबाइलवर निरोप आला, की सक्शन सोड आणि ट्रॅक्टरनं इंजिन काठावर ओढून घे. मात्र पाणी शेडपर्यंत आलं असेल तर इंजिनाकडे जाऊ नको, भो. ते मागून दुरुस्त करता येईल.