डेटा उतरवून घेणारा सर्व्हर: पैसे कुठे घालावेत?

विद्यापीठाच्या हवामानशास्त्र विभागासाठी चोवीस तास डेटा उतरवून घेणारा सर्व्हर घ्यायचा असेल, तर कोटेशनमधला प्रोसेसर शेवटी बघा. तिथं मधला पर्याय पुरतो. अमेरिकेत बोल्डर इथल्या युनिडेटाचं एलडीएम हे मोफत सॉफ्टवेअर वापरणार असाल, तर येणारी प्रत्येक फाइल आधी एका रांगेत बसते. ती रांग रॅममध्ये मावली की डिस्कवरचा ताण उतरतो. म्हणून रॅम सढळ हातानं घ्या, आणि ईसीसीच, म्हणजे चुका दुरुस्त करणारी.

डिस्कचा आकडा मात्र किती दिवसांचा डेटा ठेवायचा हे ठरल्याशिवाय लिहू नका. तासाला १० जीबी येत असेल, तर दिवसाचे २४० जीबी होतात आणि वर्षाचे ८७ टीबीच्या वर. दहाच दिवसांचा ठेवलात तर २.४ टीबीत भागतं. सगळंच जपून ठेवा म्हणणाऱ्या प्राध्यापकांना त्यांच्या प्रकल्पातून डिस्क घ्यायला सांगावं. मागणी आपोआप उतरते. तासाला १० जीबी म्हणजे सरासरी २२ एमबीपीएसचा ओघ, तेव्हा दहा गिगाबिटचं नेटवर्क कार्ड या कामासाठी नको.

ताजा डेटा एसएसडीवर ठेवा. पण १ टीबीच्या घरगुती एसएसडीची हमी बहुधा ६०० टीबी लेखनापर्यंतच असते, आणि इथं पाच वर्षांत ४३८ टीबी लिहिले जातात. बारीक बारीक फायलींमुळे आतलं लेखन त्याहून वाढतं. सर्व्हरसाठीचीच घ्या.

जुन्या डेटासाठी ८ टीबीच्या सहा हार्ड डिस्क रेड ६ मध्ये लावल्या, तर ३२ टीबी वापरायला मिळतात आणि दोन बिघडल्या तरी काम थांबत नाही. स्वस्तातल्या एसएमआर डिस्क टाळा. बदललेली डिस्क पुन्हा भरताना त्या फार रखडतात. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल सहाही डिस्कवरून जाते, तेव्हा बॅकअपचा खर्च वेगळा धरा.

आता कोटेशनबाहेरचे पैसे. ५ लाखांच्या यंत्रावर १८ टक्क्यांनी ९० हजार जीएसटी लागतो. सरकारी संशोधन संस्थांसाठीचा ५ टक्क्यांचा सवलतीचा दर जुलै २०२२ मध्ये गेला, तेव्हा जुन्या प्रस्तावाची नक्कल करताना तेवढी ओळ बदला. सतत ३०० वॉट म्हणजे वर्षाला २,६२८ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर २६,२८० रुपये, एसीचं बिल निराळं. यूपीएसच्या बॅटऱ्याही मधे एकदा बदलाव्या लागतील. वॉरंटी पाच वर्षांची, यंत्रासोबतच घ्या. प्रकल्पाचं अनुदान संपल्यावर एएमसीचे पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे, यावर विभागात एकमत होत नसतं. दोन जादा डिस्कही त्याच ऑर्डरमध्ये मागवा.