रस्त्यावरील आरोळी व आपली ठेव

वाचनभाग : नहेम्या ५:१-१९, १ करिंथ १०:२३-३३
पाठाचा हेतू : अन्यायाविरुद्ध उभे राहताना ख्रिस्ती मनुष्याने आपला स्वतःचा हिशेब कसा तपासावा हे शिकणे.



पलसाण्यात एका रविवारी उपासना आटोपल्यावर दोघांनी आम्हांला गाठले. एक बंधू म्हणाले, "आमच्या चाळीच्या बोअरला रंगाचे पाणी येते. लोक सोमवारी मामलतदार कचेरीपुढे बसणार आहेत. विश्वासणाऱ्याने जावे काय?" त्यांच्या पाठोपाठ एका भगिनीने विचारले, "ज्या कारखान्याचे पाणी ओढ्यात सोडतात, त्याच्या फाटकावर बँकेची पाटी आहे, की येथील माल आमच्याकडे तारण आहे. माझी पुंजी त्याच बँकेत आहे. ती तेथे ठेवू काय?"

आम्ही घाईने उत्तरे दिली. बंधूंना म्हटले, "प्रार्थना करा." भगिनीला म्हटले, "बँकेच्या व्यवहाराशी आपला काय संबंध?" घरी येऊन नहेम्याचा पाचवा अध्याय वाचला, तेव्हा आपण दोघांनाही चुकीचे उत्तर दिले हे आम्हांला उमगले.

१. नहेम्याने आरोळी ऐकली

यरुशलेमेचा कोट बांधण्याचे काम चालू होते. देवाचेच काम ते! अशा वेळी लोकांनी व त्यांच्या स्त्रियांनी मोठी ओरड केली. दुष्काळात धान्यासाठी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण पडली होती. राजाचा सारा भरण्यासाठी कर्ज काढावे लागले होते. मुलीबाळी दास्यात गेल्या होत्या, आणि हे सारे आपल्याच भाऊबंदांच्या हातून झाले होते.

"आधी कोट पुरा होऊ द्या, मग पाहू," असे नहेम्या म्हणाला नाही. तो संतापला, पण लगेच बोलला नाही. त्याने मनाशी विचार केला व मग सरदारांना तोंडावर दोष दिला. त्याने मोठी सभा भरविली. स्त्रियांच्या आरोळीला त्याने दंगा म्हटले नाही, हे ध्यानात घ्यावे. आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या कलमानेही नागरिकांना शांततेने व शस्त्रांवाचून एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. तेव्हा पाण्यासाठी कचेरीपुढे बसणे हे अधिकाऱ्यांचा अवमान करणे नव्हे. मात्र शिवी, दगड व खोटी अफवा यांना तेथे जागा नसावी.

२. "मीही"

या अध्यायाचे मर्म दहाव्या वचनात आहे. सरदारांना दोष देणारा नहेम्या तेथे कबूल करतो, की आपण, आपले भाऊबंद व आपले चाकरही लोकांना पैसा व धान्य कर्जाऊ देत आहोत. मग तो म्हणतो, आपण हे सोडून देऊ या. स्वतःला वगळून तो बोलत नाही. सुभेदार म्हणून मिळणारा भत्ताही त्याने बारा वर्षे घेतला नाही.

हा "मीही" किती अवघड आहे याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. पलसाण्याला लागूनच बारडोली तालुका. सरकारने तेथील शेतसारा सुमारे २२ टक्के वाढविला, तेव्हा १२ फेब्रुवारी १९२८ पासून वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सारा भरण्याचे नाकारले. गुरे जप्त झाली, जमिनी लिलावात गेल्या, तरी लोकांनी हात उगारला नाही. ऑगस्टमध्ये तडजोड झाली. पुढे ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या अधिकाऱ्यांनी चौकशी केली आणि ६ टक्क्यांच्या आसपासच वाढ योग्य ठरविली. पलसाणा त्या काळी गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होते. १९३० च्या लढ्यात जप्तीला कंटाळून बारडोलीचे अनेक शेतकरी गाव सोडून बडोद्याच्या हद्दीत राहावयास आले होते.

हा लढा न्याय्य होता. तरी त्याच शेतकऱ्यांपैकी अनेकांच्या शेतावर दुबळा समाजाचे हाळी राबत होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी ते पिढ्यानपिढ्या धन्याला बांधलेले असत. सरकारच्या साऱ्याविरुद्ध उठलेला आवाज या आपल्या दारच्या दास्याविरुद्ध तितक्या जोराने उठला नाही. आम्ही हे कोणाला हिणविण्यासाठी लिहीत नाही. दुसऱ्याच्या हातातील जोखड दिसते, आपल्या हातातील दिसत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे.

आमचेच पाहा. पाटीवरील बँकेचे नाव वाचल्यावर आम्हांला आठवले, की मंडळीच्या इमारत फंडाची मुदत ठेव त्याच बँकेत आहे, आणि व्याज अर्धा टक्का जास्त मिळते म्हणून ती तेथे ठेवावी असे पंचांच्या बैठकीत आम्हीच सुचविले होते! त्या भगिनीला "काय संबंध?" म्हणणारे आम्ही कोण?

३. ठेव हलविणे ही साक्ष होऊ शकते

बँकेतील पैसा पेटीत पडून राहत नाही; तो कर्जाऊ जातो व कोणाचे तरी काम उभे करतो. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाच्या दिवसांत ब्रिटनमधील विद्यार्थ्यांनी व इतर अनेकांनी बार्कलेज बँकेतील खाती याच कारणास्तव बंद केली. वर्षानुवर्षे ही चळवळ चालली आणि १९८६ साली त्या बँकेने तेथील आपला धंदा विकला. जागतिक ख्रिस्ती मंडळी परिषदेनेही १९८१ साली दक्षिण आफ्रिकेला कर्ज देणाऱ्या काही बँकांशी व्यवहार थांबविला. एका खात्याने बँक हलत नाही. पण कारण सांगून बंद केलेली पुष्कळ खाती व्यवस्थापकांना विचार करावयास लावतात.

तथापि पौलाचा इशाराही ऐकावा. बाजारात विकले जाणारे मांस खाताना उगाच चौकशी करीत बसू नये, असे तो करिंथकरांस सांगतो. परंतु ते मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये. म्हणजे प्रत्येक रुपयाचा माग काढीत बसणे हे आपले कर्तव्य नाही. पण शेजाऱ्याने बोट दाखवून सांगितल्यावर "आम्हांला ठाऊक नव्हते" असे म्हणता येत नाही. तसेच, ज्याचा पगार किंवा कर्ज त्याच बँकेत अडकले आहे अशा बंधूवर आपल्या विवेकाचे ओझे लादू नये.

व्यवहारही नीट पाहावा. मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास व्याज कमी मिळते. पेन्शन, गॅसचे अनुदान व हप्ते ज्या खात्याला जोडले आहेत, ते बदलल्यावाचून खाते बंद करू नये. बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. विधवेची पुंजी हलवावयास सांगणाऱ्याने हे तिला आधी सांगितले पाहिजे.

पुढल्या सोमवारी आम्ही त्या बंधूंसोबत कचेरीपुढे बसलो. बँकेच्या व्यवस्थापकांना पत्र लिहून, कर्ज देताना सांडपाण्याची चौकशी होते काय, असे विचारावे, आणि उत्तर समाधानकारक नसल्यास मुदत संपताच फंडाची ठेव काढावी, असा ठराव आम्ही पंचांपुढे मांडला आहे. अर्ध्या टक्क्याची हानी काहींना जड वाटते, आम्हांलाही वाटते. पण ती न सोसता दिलेली घोषणा पोकळ ठरेल. नहेम्याच्या सभेने "आमेन" म्हटले आणि दिलेल्या वचनाप्रमाणे केले, असे आपण वाचतो. आपलाही आमेन तसाच असो.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. लोकांची ओरड ऐकल्यावर नहेम्याने क्रमाने काय काय केले?
२. आपल्या गावात कोणाची आरोळी मंडळीच्या कानावर येते व कोणाची येत नाही?
३. दहाव्या वचनातील "मीही" आपल्या घरी व मंडळीच्या हिशेबात कोठे लागू पडतो?
४. ज्याला मोर्चात जाणे किंवा खाते बदलणे शक्य नाही, त्याच्याशी आपण कसे वागावे?

प्रार्थना : हे प्रभू, दुसऱ्याचा अन्याय दाखविण्यापूर्वी आमचे हात आम्हांला दाखीव, आणि ते दिसल्यावर गप्प बसू देऊ नकोस. आमेन.