विहिरीचें पाणी व सूत्रकृमींचें औषध

पाणी भरपूर असूनही वांग्याचें रोप सुकतें, आणि उपटून पाहावें तों मुळांवर गांठीच गांठी, असें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. हें सूत्रकृमींचें काम. ते मातींत व मुळांच्या आंत राहतात, म्हणून त्यांवरील विष मातींतून मुळांपर्यंत पोंचावें लागतें. पोंचविणारें कोण? पाणी. जें विष मातीच्या कणांस घट्ट चिकटतें तें टाकलें तेथेंच राहतें. जें सहज विरघळतें तें मुळांशीं जातें. परंतु पाणी मुळांशीं थांबत नाहीं.

अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांत लाँग आयलंड नांवाचें बेट आहे. तेथील बटाट्याच्या शेतांत १९७५ सालापासून आल्डिकार्ब नांवाचें दाणेदार औषध भुंगेऱ्यांवर व सूत्रकृमींवर घालीत असत. १९७९ सालीं तेंच औषध पिण्याच्या विहिरींत सांपडलें. हजाराहून अधिक विहिरींत तें ठरविलेल्या मर्यादेपेक्षां, म्हणजे शंभर कोटी भागांत ७ भागांपेक्षां, जास्त निघालें. जमीन वाळूची, तींत कुजलेला पाला थोडा, आणि पाण्याचा थर उथळ. वरच्या मातींतील सूक्ष्म जीव अशा विषाचे तुकडे करितात खरे. पण वाळूंतून तें इतक्या लवकर उतरलें कीं त्यांस अवकाशच मिळाला नाहीं. खालच्या थंड व आंबूस पाण्यांत तें फार हळू नाश पावतें. शिवाय त्यापासून जीं दोन द्रव्यें बनतात तींही विषारी व विरघळणारींच. १९८० सालीं तेथें विक्री थांबली; विहिरी मात्र पुढें वर्षानुवर्षें निवळल्या नाहींत.

भारतांत आल्डिकार्बवर २००१ सालीं बंदी आली. तथापि पाण्यांत विरघळणाऱ्या कोणत्याही औषधाची वाट हीच. इसहाकाच्या बापाच्या विहिरी पलिष्ट्यांनीं मातीनें बुजविल्या होत्या, त्या त्यानें पुन्हां उकरल्या (उत्पत्ति २६). माती उकरतां येते. विरघळलेलें विष पोहऱ्यानें निराळें काढतां येत नाहीं. म्हणून मुरमाड, हलक्या जमिनींत व विहिरीलगतच्या वावरांत असलें औषध घालूंच नये, आणि इतरत्र घातल्यास लागलीच मोठें पाणी देऊं नये. काळ्या जमिनीचाही फार भरंवसा नको. उन्हाळ्यांतील भेगांतून पहिला पाऊस सरळ खालीं जातो.

निंबोळी पेंड व शेणखत ह्यांनीं सूत्रकृमि कांहींसे आटोक्यांत राहतात. झेंडूच्या मुळांतील द्रव्यही त्यांस मारक आहे. मात्र बांधावर चार झाडें लावून तें काम होत नाहीं, सबंध वावरांत एक हंगाम झेंडूच घ्यावा लागतो.