परसातली माती धरून ठेवणारे वेल


कातळावर मातीचा थर पातळ. परस उघडं राहिलं तर पावसात ती वाहून जाते.

उन्हात: रताळी. दापोली विद्यापीठाची ‘कोकण अश्विनी’ चालेल. पाऊस स्थिरावला की शेंड्याकडचे २०-२५ सेंमी तुकडे फूटभर अंतराने लावा. २-३ डोळे मातीत. साधारण ४ महिन्यांत काढणी.

माडाखाली, ओलाव्यात: कारिवणा (एकपानी). मुळं फुटलेले धुमारे अर्ध्या फुटावर लावा.

वेडेलिया नको. पसरला की आवरत नाही.

सावधान! वेलाखाली फुरसं लपतं. घर, गोठा, पायवाटेलगत ३ फूट पट्टा चोपून साफ ठेवा. काठीने वेल हलवल्याशिवाय हात घालू नका. चावलंच तर बांधू नका, कापू नका. १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठा.