नवऱ्याचा पगार आणि बायकोचे दीड हजार

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे दीड हजार रुपये बाईच्या खात्यात येतात, पण ते यायचे की थांबायचे हे पुष्कळदा नवऱ्याच्या कमाईवर ठरते. अट आहे कौटुंबिक उत्पन्नाची, वर्षाला अडीच लाखांची. आणि शासनाच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे पती, पत्नी व त्यांची अविवाहित मुले. त्यामुळे एकाच घरात राहणाऱ्या सासऱ्यांचे उत्पन्न या बेरजेत धरायचे नाही. परगावी राहून घरी दमडीही न पाठवणाऱ्या नवऱ्याचा पगार मात्र पुरता धरायचा. चूल एक असेल तर दोघांची कमाई एकत्र मोजावी, हे मला मान्य आहे. सरकारी पैसा गरज पाहूनच वाटला पाहिजे. माझी हरकत आहे ती अडीच लाखांपाशी उभ्या असलेल्या कड्याला. नवऱ्याचा पगार महिना साडेवीस हजार असेल तर वर्षाचे दोन लाख शेहेचाळीस हजार होतात, घर पात्र ठरते. पगार पाचशेने वाढला की आकडा दोन लाख बावन्न हजारांवर जातो आणि वर्षाचे अठरा हजार एकदम बंद. सहा हजारांच्या वाढीपायी घराला बारा हजारांचा खड्डा! बायकोने डबे करून किंवा शिवणकाम करून चार पैसे जोडले तरी हेच घडू शकते. रेषा कुठेतरी ओढावीच लागते, असे यावर सांगितले जाते. ओढावी, पण तिच्यापलीकडे सगळेच तोडावे लागते असे नाही. याच योजनेत 'नमो शेतकरी' आणि 'पीएम किसान'चे मिळून महिना हजार रुपये घेणाऱ्या शेतकरी बाईला उरलेले पाचशे दिले जातात. फरक तेवढा देण्याची ही रीत उत्पन्नाच्या अटीलाही लावता आली असती.

नियम बदलेपर्यंत हिशेब आपणच ठेवायचा. पिवळे किंवा केसरी रेशनकार्ड असलेल्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट आहे, आणि इथेच बरीच घरे फसतात. सूट कागदातून आहे, अटीतून नाही. कार्ड जुने असते, पगार आजचा असतो. 'सगळेच घेतात, कोण बघतंय?' हा युक्तिवादही २०२५च्या सप्टेंबरपासून लंगडा झाला, कारण ई-केवायसीत बाईबरोबर तिच्या पतीचा किंवा वडिलांचा आधारही मागितला गेला. नवरा खरोखरच सोडून गेला असेल, तर अर्जात 'विवाहित' लिहून त्याची कमाई अंगावर घेऊ नये. परित्यक्ता हा वेगळा गट योजनेत आहे, फक्त त्याचे कागद आधी जमवावे लागतात. कुटुंबात कोणी आयकर भरत असेल, कायम सरकारी नोकरीत असेल किंवा कोणाच्या नावावर ट्रॅक्टर सोडून चारचाकी असेल, तर उत्पन्नाच्या बेरजेपर्यंत जायचीही गरज नाही. अडचण होते ती कर्जासाठी विवरणपत्र भरणाऱ्यांची. कर शून्य निघाला म्हणून ते निर्धास्त असतात, पण बँकेला खूश करायला त्यात चार लाख उत्पन्न लिहिलेले असते. ते चार लाख खरे असतील तर बायको अपात्र आहे. खोटे असतील तर विवरणपत्र खोटे आहे. मग तहसीलच्या दाखल्यावर दोन लाख लिहून आणणाऱ्याने आपला कोणता कागद खरा, ते अर्ज करण्याआधीच ठरवावे.