सरासरी पावसावर डाळ पिकत नाही

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात शेतकऱ्यांचा मोर्चा असो की चहाच्या टपरीवरची चर्चा, यंदा पाऊस किती टक्के, हाच पहिला सवाल. तूर, मूग, उडदाचा हिशेब या एका आकड्यावर मांडू नका, असं माझं सांगणं आहे. 2023चा ऑगस्ट देशात 1901पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. जूनअखेर-जुलैत पेरलेला मूग-उडीद तेव्हा नेमका फुला-शेंगांत असतो. 2025च्या सप्टेंबरात मात्र अतिवृष्टीनं मराठवाड्यातली शिवारंच्या शिवारं पाण्याखाली गेली. हंगामाच्या बेरजेत असा कोरडा महिना आणि असा ओला आठवडा एकमेकांना झाकून टाकतात. पीक मात्र दोन्हींचा मार वेगवेगळा सोसतं.

दुष्काळी मुलखात चार पाऊस जास्त झाले तर बिघडलं कुठं, असं कुणी विचारेल. बिघडतं मुळाशी. मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात, पण त्या कामाला प्राणवायू लागतो. भारी काळ्या रानात पाणी तुंबलं की मातीतली हवा जाते, गाठी थंडावतात, पानं पिवळी पडतात. अशा वेळी युरिया फेकण्यापेक्षा आधी पाणी काढून वाफसा येऊ द्यावा. मूग साधारण 60 ते 70 दिवसांत पिकतो. काढणीला झड लागली तर शेंगेतच कोंब फुटतात, म्हणून पिकलेल्या शेंगा उघडीप मिळताच तोडाव्यात. तुरीची मुळं खोल जातात, ती खंड बराच सोसते. तरी फुलोऱ्यात ओल तुटली की फूलगळ ठरलेली.

पाऊस आपल्या हातात नाही, हा आक्षेप खराच. पेरणीची वेळ, वाण आणि पाण्याची वाट मात्र हातात आहे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमीन पुरेशी ओलावल्याशिवाय पेरू नये. मध्यम जमिनीत सहा महिन्यांची तूर शेवटी कोरडीत सापडते. तिथं याच चौकातून जालना रोडनं गेल्यावर लागणाऱ्या बदनापूरच्या संशोधन केंद्राचा, पाच महिन्यांत येणारा बीडीएन-711 हा वाण बरा. विहिरीला पाणी असेल तर फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना एक पाळी द्यावी. भारी रानात रुंद सरी-वरंब्यावर पेरावं. यंत्र नसेल तर ठरावीक ओळींनंतर सरी पाडावी. हे काम जुलैतच उरकावं, कारण सप्टेंबरच्या चिखलात औत चालत नाही.