रिकामी जागा आणि शेजारचे शब्द



मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते. त्यामुळे वाक्याच्या मध्यावर सोडलेल्या रिकाम्या जागेचा निकाल पुष्कळदा त्या जागेच्या पुढे, पूर्णविरामाला टेकलेल्या शब्दात असतो. ‘अध्यक्षांनी तरुणांना पुढे येण्याचे … केले’ या वाक्यासाठी ‘आवाहन’ आणि ‘आव्हान’ असे दोन पर्याय दिले, तर अर्ध्यावर थांबणाऱ्याला दोन्ही चालतील असे वाटते. ‘केले’ वाचले की प्रश्न मिटतो. आवाहन करतात. आव्हान देतात, आणि समोरच्याने ते स्वीकारायचे, पेलायचे असते. या दोन शब्दांची अदलाबदल छापील मजकुरातही आढळते, कारण कानाला ते जवळचे वाटतात आणि लिहिणारा क्रियापदाकडे पाहत नाही. ‘पुरस्कार’ हा शब्द तर एकच राहून अर्थ बदलतो: लेखकाला पुरस्कार देतात तेव्हा तो सन्मान असतो, विधवाविवाहाचा पुरस्कार करतात तेव्हा तो पाठिंबा असतो. म्हणून पर्यायांकडे पाहण्याआधी वाक्य शेवटपर्यंत वाचावे. जमल्यास पर्याय हाताने झाकून त्या जागी मनातला एखादा साधा शब्द ठेवून पाहावा. तो उत्तर नसला तरी दिशा दाखवतो.

मराठीत सर्वांत भरवशाची खूण शब्दांच्या शेपटांत असते. विशेषण आणि क्रियापद नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतात, त्यामुळे नाम गाळले तरी त्याचा ठसा मागे उरतो. ‘काल आणलेली … फारच गोड निघाली’ या वाक्यासाठी आंबा, कलिंगड आणि पपई असे पर्याय असले, तर अर्थ काहीच मदत करत नाही. तिन्ही फळे गोडच. ‘आणलेली’ आणि ‘निघाली’ मात्र पपईखेरीज कोणाला जागा देत नाहीत. एवढे लक्षात ठेवावे की ‘ली’ ही नपुंसकलिंगी अनेकवचनाचीही खूण आहे. ‘फळे गोड निघाली’ हेही शुद्धच, म्हणून पर्यायांत अनेकवचनी नाम असेल तर पुन्हा पाहावे लागते.

एकच शब्द दोन लिंगांत दोन अर्थांनी वावरतो, तिथे या खुणेचे खरे सामर्थ्य दिसते. वादळात नाव बुडाली, म्हणजे होडी गेली. मुलाच्या वागण्याने घराण्याचे नाव बुडाले, म्हणजे लौकिक गेला. क्रियापदही तेच आहे. फरक फक्त ‘ली’ आणि ‘ले’ यांचा. मान दुखते आणि मान मिळतो. समईतली वात सरकवतात, शरीरातला वात वाढतो. ओझ्याने पाठ दुखली, पुस्तकातला पाठ संपला. जेवायची वेळ झाली, गप्पांत बराच वेळ गेला. विभक्तीचा प्रत्यय लागला की हा फरक आणखी उघडा पडतो, कारण सामान्यरूपेच वेगळी होतात: नावेत बसतात, पण नावाला जपतात, मानेला लचक भरते, पण मानाचे पान वाढतात, कोणी वेळेवर येतो, कोणी थोड्या वेळाने. शब्दकोशात नामापुढे छापलेली ‘पु.’, ‘स्त्री.’, ‘न.’ ही अक्षरे घाईत वगळली जातात. अर्थाची निम्मी वाटणी त्यांनीच केलेली असते.

हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुमारे पाचव्या शतकातल्या भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कशाने ठरतो याची यादी दिली. तीत साहचर्य, विरोध, प्रकरण, शेजारचा दुसरा शब्द, औचित्य, देश आणि काल यांच्याबरोबर व्याकरणातले लिंगही आहे. त्याला तिथे ‘व्यक्ती’ म्हटले आहे. पुढे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त तीच यादी आधाराला घेतली. संस्कृतात ‘मित्र’ शब्द पुल्लिंगी असला तर सूर्य, नपुंसकलिंगी असला तर सखा. प्रकरणाचे, म्हणजे प्रसंगाचे, परंपरेतले उदाहरण सैंधवाचे आहे. सैंधव म्हणजे मीठही आणि सिंधू देशाचा घोडाही. पानावर बसलेल्याने सैंधव मागितले तर मीठ आणावे, प्रवासाला निघालेल्याने मागितले तर घोडा. लिंग एकच असते तेव्हा मराठीतही शेजाऱ्यांकडेच पाहावे लागते: नगरपालिकेचा कर भरतात, देवापुढे कर जोडतात, नदीचे पात्र कोरडे पडते, नाटकातले पात्र रंगमंचावर येते.

सर्वांत कठीण निवड जवळच्या अर्थाच्या शब्दांत असते, आणि तिचे उत्तम शिक्षण स्वयंपाकघरात मिळते. पदार्थ बिघडला हे सांगायला मराठीत पदार्थागणिक शब्द आहे. दूध नासते, कारण त्यातले पाणी वेगळे होऊन ते फाटते. उन्हाळ्यात रात्रीचे वरण आंबते, म्हणजे त्याला आंबूस वास आणि चव येते. भाजी विटते, तिची चव जाते. शेंगदाणे, खोबरे, तूप खवट होते. ज्यात तेल किंवा स्निग्धपणा आहे तेच खवट होते, म्हणून कोणी खवट भेंडी म्हणत नाही. लोणच्यावर बुरशी येते, बटाटा सडतो. भाकरी शिळी होते, पण शिळी म्हणजे बिघडलेली नव्हे. कुस्करून फोडणी दिली की तीच सकाळची न्याहारी होते. आता ‘इडलीचे पीठ रात्रभर छान …’ हे वाक्य घ्यावे. ‘नासले’ आणि ‘आंबले’ या दोहोंतला योग्य शब्द ‘छान’मुळे ठरतो, कारण आंबणे वरणाच्या बाबतीत दोष असले तरी इडलीच्या पिठाला ते हवेच असते. हल्ली या सगळ्यांच्या जागी ‘खराब झाले’ एवढेच ऐकू येते. ते चूक नाही, पण दूध, वरण आणि खोबरे यांना काय झाले हे त्यातून कळत नाही, आणि पिढ्यांनी नाकाजिभेने पारखून ठेवलेले शब्द त्यामुळे हातातून निसटतात.

समूहदर्शक आणि ध्वनिदर्शक शब्दांचे काम सोपे आहे, कारण तिथे जोड्या ठरलेल्या असतात. किल्ल्यांचा जुडगा, केळ्यांचा घड, भाकऱ्यांची चवड, पक्ष्यांचा थवा. गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, ढगांचा गडगडाट होतो तर विजांचा कडकडाट. या जोड्या वाचनाने आणि बोलण्याने अंगवळणी पडतात.

अर्थाची दिशा दाखवणारे छोटे शब्द मात्र थांबून पाहण्यासारखे आहेत. ‘तो एरवी …, पण त्या दिवशी अखंड बोलत होता’ यात ‘एरवी’ आणि ‘पण’ मिळून सांगतात की ‘अखंड बोलणारा’च्या उलटा शब्द हवा. म्हणून ‘अबोल’ बसतो, ‘वाचाळ’ नाही. कधी हा वळसा क्रियापदातच दडलेला असतो: ‘एवढा पैसा असूनही त्यांची राहणी …’ यात ‘असूनही’मधला ‘ही’ अपेक्षेविरुद्ध काही येणार हे कळवतो, आणि ‘राहणी’ स्त्रीलिंगी असल्याने ‘साधी’ हेच रूप बसते. ‘म्हणून’ आणि ‘कारण’ यांचे तसेच आहे. एकापुढे परिणाम येतो, दुसऱ्यापुढे हेतू किंवा निमित्त.

औचित्य व्याकरणात मोडत नाही, तरी ते चुकले की वाक्य कानाला बोचते. डास मेला म्हणतात, पण शेजारचे आजोबा वारले, सीमेवरचा जवान हुतात्मा झाला, संत समाधिस्थ झाले. घरात चटणीसाठी नारळ फोडतात, देवापुढे तो वाढवतात. देवघरातला दिवा विझवत नाहीत, मालवतात. इथे वाक्यातला कोणी किंवा कोठे हा तपशील, म्हणजे ‘आजोबा’, ‘देवापुढे’, ‘सीमेवर’, हीच खूण.

ऱ्हस्वदीर्घाने बदलणाऱ्या शब्दांत बोलण्याचा आधार मिळत नाही, कारण उच्चारात फरक फारसा जाणवत नाही. स्वातंत्र्यदिनातला ‘दिन’ दिवस असतो, दीनदुबळ्यांमधला ‘दीन’ गरीब. झुकवतात ते शिर, रक्त वाहते ती शीर. इथेही ‘झुकवले’ आणि ‘रक्त’ हेच शब्द अक्षर ठरवतात.

काही वेळा वाक्यातल्या साऱ्या खुणा तपासूनही दोन अर्थ उरतात. ‘त्याने दुसरा अंक वाचायला घेतला’ यात लिंग, वचन, क्रियापद काहीच निर्णय देत नाही. तेव्हा मागच्या वाक्याकडे जावे. तिथे तालमीची तयारी चाललेली असेल तर तो नाटकाचा अंक, आणि दिवाळीत घरी आलेल्या मासिकांची चळत असेल तर दिवाळी अंक.